दोन शब्द आधी

राष्ट्रगीतात आमच्या शेजारचं स्टेशन आहे, अशी सहावीपर्यंत माझी पक्की समजूत होती.

कल्याण सुटलं की विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर, मग आमचं अंबरनाथ आणि त्यापुढं बदलापूर. उल्हासनगरात सिंधी राहतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गुजराती राहतात तो गुजरात, मग सिंधी राहतात तो सिंध. हिशेबात कुठं खोट नव्हती. त्यामुळे रोज सकाळी परिपाठाला तो शब्द आला की माझ्या डोळ्यांपुढं उल्हासनगरचा फलाट यायचा आणि पोटात जराशी जळजळही व्हायची. आमच्या अंबरनाथला शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर, शके ९८२ चा शिलालेख असलेलं. शिवाय आयुधनिर्माणी, शिवाय विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना. एवढं सगळं असून गाण्यात नाव कुणाचं, तर पापड आणि कापड विकणाऱ्या उल्हासनगरचं! एकदा ही तक्रार मी बाबांकडं नेली. बाबा आयुधनिर्माणीत फिटर होते, दुपारच्या सुट्टीत घरी जेवायला यायचे. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरे येड्या," ते म्हणाले, "आपण पण आहोत की त्यात. मराठा म्हणजे कोण? आपणच." पण मग सिंध म्हणजे कोण, हे सांगायच्या आत भोंगा झाला. बाबांनी हात धुतले, सायकल काढली आणि गेले.

मराठा म्हणजे आपण, ही बातमी मला उशिरा लागली होती, वर्गातल्या बाकीच्यांना ती आधीच असावी. कारण आमच्या शाळेत राष्ट्रगीत म्हणायची एक ठरलेली रीत होती. सुरुवात पुटपुटत. मान खाली, नजर पुढच्याच्या कॉलरवर. मग प्रांतांची नावं सुरू झाली की हळूहळू आवाज चढायचा आणि 'मराठा'ला सातशे पोरांचा असा काही गजर व्हायचा की पत्र्याच्या शेडवरची कबुतरं उडायची. तो शब्द संपला की आवाज पुन्हा खाली. पुढं 'जलधि' यायचा, त्याचं आम्ही इमानदारीत 'जल्दी' केलं होतं, आणि ते अर्थालाही धरूनच होतं. ऊन लागत असायचं, लवकर संपायला हवं असायचं. हेडसर दर सोमवारी ओरडायचे, "हे राष्ट्रगीत आहे, गोविंदा नाही. एका पट्टीत म्हणा." आम्ही मंगळवारी पुन्हा तसंच म्हणायचो.

झेंड्याचंही तेच. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी. तीन रंग, तीन गुण, चुकलं तर गेले. पुढं मी स्वतः बदलापूरच्या एका शाळेत इतिहास-भूगोलाचा मास्तर झालो आणि वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारत आलो, हेही इथंच कबूल करून टाकतो. उत्तरं सगळ्यांची बरोबर येतात.

सहावीत भूगोलाच्या सरांनी भिंतीवर नकाशा टांगला आणि माझं स्टेशन गेलं. सिंध नकाशाच्या डाव्या अंगाला होता, सीमेच्या पलीकडं, पाकिस्तानात. आमचं गाव कारखान्याचं. एकाहत्तरच्या लढाईत खिडक्यांना काळे कागद कसे चिकटवले होते ते आई अजून सांगायची. त्या पाकिस्तानातल्या एका प्रांताचं नाव आपण रोज सकाळी सावधानमध्ये उभं राहून घेतो? मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "मग खोडा की ते." सरांनी डस्टर आपटला. उत्तर त्यांनीही दिलं नाही.

*

त्या काळात आम्ही उल्हासनगरला जायचो ते फक्त खरेदीला, आणि जाताना थोडे वरचढपणे जायचो. सगळ्या लाइनीत 'मेड इन यूएसए'चा विनोद चालायचा: यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. नकली घड्याळ, नकली पेन, नकली क्रीम, सगळ्याचा उगम तिथं. सिंध्यांविषयीची ती सापाची म्हणही आमच्या आळीत सर्रास वापरली जायची. ज्या घरातून ती ऐकू यायची त्याच घरातली पोरं उल्हासनगरचं कापड घालून शाळेत यायची. मीही त्यातलाच.

१९७९ असेल. ताईच्या लग्नाचं कापड आणायला बाबांनी मुद्दाम १५ ऑगस्ट धरला. सुट्टी फुकट का घालवायची, हा त्यांचा हिशेब. शाळेतलं झेंडावंदन उरकून मी त्यांच्याबरोबर निघालो, खिशाला कागदी झेंडा टाचणीनं टोचलेलाच होता. कॅम्प २ च्या बाजारात पोचलो तेव्हा दुकानं अर्ध्या शटरवर होती आणि पावसाची भुरभुर चालू होती. चौकात ड्रममध्ये रेती भरून बांबू रोवला होता आणि त्याच्याभोवती व्यापारी मंडळी जमली होती. पांढरे लेंगे, वर बुशशर्ट, काहींच्या हातात अजून शटरचं कुलूप. बराकींच्या पायऱ्यांवर बायका ओढण्या सावरत उभ्या होत्या. आमच्या शाळेपेक्षा त्यांना उशीर झाला होता, एवढंच काय ते मला वाटलं.

कुणीतरी दोरी ओढली, झेंडा सुटला, चार पाकळ्या पडल्या. एका जाड माणसानं नको तेवढ्या वरच्या पट्टीत गाणं धरलं. सुरुवात आमच्यासारखीच, पुटपुटती, विस्कळीत. आणि मग पंजाब झाल्याबरोबर एकदम सगळ्या चौकाचा आवाज उसळला.

मी चमकलो. हा तर आमचाच गजर. पण चुकीच्या जागी. दोन शब्द आधी.

पायरीवरच्या बायकांचाही त्यात आवाज होता. हातात कुलूप असलेला माणूस मान वर करून, डोळे मिटून तो एक शब्द म्हणाला आणि पुन्हा पुटपुटायला लागला. गुजरात साध्या आवाजात गेला. त्याच्यापुढं काय येणार हे माझ्या घशाला सवयीनं ठाऊक होतं. मी श्वास भरला आणि 'मराठा' असा काही ओरडलो की सगळ्या चौकात मी एकटाच ओरडलो. दोघाचौघांनी वळून पाहिलं. बाबांनी माझा खांदा दाबला. उरलेलं गाणं मी पायांच्या अंगठ्याकडं बघत पुरं केलं.

गाणं संपल्यावर तो कुलूपवाला आमच्याकडं आला. आम्ही ज्याच्याकडं निघालो होतो तोच कापडवाला निघाला. "साहेब, ये आपका लड़का है? आवाज अच्छी है," असं म्हणून त्यानं माझ्या हातावर बुंदी ठेवली. तो मला 'पुट' म्हणाला. म्हणजे मुलगा, हे त्यानंच सांगितलं. त्याच्या डोळ्यांत हसू होतं, पण टिंगल नव्हती. शटर वर गेलं, आम्ही आत गेलो, आणि शर्टिंग-सूटिंग मोजता मोजता बाबांशी त्याच्या गप्पा सुरू झाल्या. बाबांनी गाव विचारलं. आमच्याकडं पहिला प्रश्न तोच असतो. त्याचा हातातला गज क्षणभर थांबला. "सक्कर. सिंध में. दरिया के किनारे." मग तो पुन्हा मोजायला लागला, पण एक मीटर त्यानं दोनदा मोजला. बाबांनी सांगितलं नाही, आणि मीही नाही. दोन मीटरच्या जागी तीन मीटर कापड आलं, ते आईनं घरी आल्यावर पाहिलं.

*

बाकीचं मला पुढं कळत गेलं, तुकड्यातुकड्यांनी, काही पुस्तकांतून आणि बरंच त्याच दुकानात बसून.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करानं छावणी उभारली होती. युद्ध संपल्यावर बराकी ओस पडल्या. फाळणीनंतर कराचीहून बोटींनी मुंबईला उतरलेल्या सिंधी निर्वासितांना याच बराकींत आणून ठेवलं. एकेका बराकीत कित्येक कुटुंबं, आणि मधे भिंत म्हणून गोणपाट. कॅम्प १ ते कॅम्प ५ ही नावं तिथून आली आहेत. पाऊणशे वर्षं झाली, महानगरपालिका झाली, तरी पत्त्यात माणूस अजून 'कॅम्प ३' लिहितो. जिथं तात्पुरतं राहायचं ती छावणी, हा शब्दाचा अर्थ. इथं तो तात्पुरतेपणा टपालखात्याच्या कागदावर कायमचा झाला.

या छावणीचं गाव झालं ८ ऑगस्ट १९४९ ला. तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची पायाभरणी झाली, आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. घरदार सोडून आलेल्यांच्या वस्तीला उल्हास हे नाव! नदीचं आहे म्हणून सोडून द्यायचं. पण या राजाजींचा आणखी एक धागा मला फार नंतर, वर्गात शिकवण्यासाठी टिपणं काढताना सापडला. जून १९४७ मध्ये घटना समितीनं राष्ट्रध्वज ठरवण्यासाठी राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिच्यात मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, मुन्शी, डॉ. आंबेडकर होते आणि राजाजीही होते. त्यांच्या शिफारशीवरून २२ जुलै १९४७ ला चरख्याच्या जागी चक्र आलेला तिरंगा मंजूर झाला. म्हणजे झेंड्यावर काय असावं हे ठरवायला जो माणूस बसला होता, त्यानंच दोन वर्षांनी झेंड्यामागून चालत आलेल्या माणसांच्या गावाचा पाया घातला.

आणि धागा ओढायला लागलं की येतच राहतो. या तिरंग्याच्या रंगांचा वाद सुटायला सुरुवात कुठं झाली, तर कराचीत. १९३१ च्या काँग्रेस अधिवेशनानंतर, एप्रिलच्या सुरुवातीला, तिथंच सात जणांची ध्वज समिती नेमली गेली. पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या आणि आपल्यापैकी दोघे: साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर. रंग म्हणजे अमका धर्म, तमका धर्म, असा अर्थ लोक लावू लागले होते आणि त्यावरून कुरबुरी चालू होत्या. समितीनं सुचवलं, सगळाच झेंडा एका केशरी रंगाचा करा, त्यावर चरखा. ते मान्य झालं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम ठरला, आणि रंगांचा कुठल्याही जातीधर्माशी संबंध नाही, ते गुणांचे रंग आहेत, हेही बजावून लिहिलं गेलं. माझ्या तीन गुणांच्या प्रश्नाचं मूळ हे. रंगांना गुण देणं हे शाळकरी पाठांतर नव्हतं तर. माणसं भांडू नयेत म्हणून घासूनपुसून काढलेली तोड होती. हे मला कुणी सहावीत सांगितलं असतं, तर... तर कदाचित तेव्हाही मी कबुतरांकडंच बघत बसलो असतो. उगाच सरांना कशाला दोष द्या.

पण मला सगळ्यात जास्त घोर लावला तो एका तारखेनं. २४ जानेवारी १९५०. त्या दिवशी घटना समितीत राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रगीत जाहीर केलं. सिंध जाऊन तोवर अडीच वर्षं झाली होती. समितीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. निर्वासितांचे तंबू दिल्लीतही होते, ते समितीला काही दिसत नव्हते असं नाही. इतकंच काय, जाहीर करताना शब्दांत वेळप्रसंगी बदल करायची सरकारला मुभाही ठेवली होती. दार उघडं होतं. तरी तो शब्द कुणी काढला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

रवींद्रनाथांचं हे गीत १९११ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा सिंध आणि आपण एकाच मुंबई इलाख्यात होतो. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ त्याआधी याच इलाख्यात सनदी नोकरी करून गेले होते. कराचीचे विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. १ एप्रिल १९३६ ला सिंध वेगळा झाला, तोवर सिंधी आणि मराठी माणूस एकाच सरकारी दप्तरात नांदत होता. १९४७ नंतर तो पुन्हा आमच्या शेजारी राहायला आला, यात मला नवल कमी आणि ओशाळलेपण जास्त वाटतं. जुन्या शेजाऱ्याला आम्ही ओळख दाखवली नाही.

*

मास्तर झाल्यावर झेंडा माझ्या हातात आला. खरोखर हातात. आमच्या शाळेत झेंडा बांधायचं काम एका शिपाईमामांकडं होतं आणि ते निवृत्त व्हायच्या आधी कुणालातरी शिकवून जायला हवं होतं. मी सगळ्यांत नवा, म्हणून मी.

खादीचा झेंडा हातात घेतल्याशिवाय कळत नाही किती जड असतो. दुरून वाऱ्यावर हलका दिसतो तो. डाव्या कडेला जाड कापडाची पट्टी, तिच्यात दोरी ओवलेली, वर लाकडाची खुंटी, खाली फास. तीन पट्ट्यांच्या शिवणी बोटाला लागतात. आमचा नांदेडहून आला होता, तिथल्या खादी समितीत झेंडे होतात. मामा आधी दोन्ही कडा जुळवून लांब घडी करायचे, मग ती गुंडाळायचे, गुंडाळताना मधे झेंडूच्या पाकळ्या, आणि मग दोरीचा एक वेढा देऊन तिचाच दुमता पेड त्यात खुपसायचे. "गाठ मारायची नाही, सर. गाठीचं सोंग करायचं," हे त्यांचं वाक्य. झटका दिला की सुटली पाहिजे, वारा आला तरी सुटता कामा नये. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर न्यायचा आणि मग सोडायचा, २६ जानेवारीला तो वरच बांधलेला असतो, नुसता उलगडायचा. हा फरकही मला मामांनीच सांगितला, बी.एड.ला कुणी सांगितला नव्हता.

माझ्या पहिल्या वर्षी गाठ सुटली नाही. पाहुण्यांनी झटका दिला, दुसरा दिला. वर नुसतं बोचकं हलत होतं. पोरांत खसखस पिकली. मामा शांतपणे पुढं आले, दोरी सैल सोडली, मनगटाला एक हिसका दिला आणि पाकळ्या पाहुण्यांच्या टकलावर पडल्या. त्यानंतर मी आदल्या रात्री घरी धोतराच्या कापडावर सराव करायला लागलो. बायको म्हणायची, उद्या लग्न आहे का कुणाचं?

आणि मग राष्ट्रगीत. बावन्न सेकंद. मी आता पोरांच्या समोर तोंड करून उभा असतो, त्यामुळे आवाज अंगावर येतो. बदलापूरची आमची शाळा मराठी माध्यमाची. घरं बहुतेकांची गिरगाव-परळहून इकडं सरकलेली, आणि आता त्यात सांगली-साताऱ्याची भर. गजर आजही त्याच शब्दाला होतो. मी हेडसरांसारखं ओरडत नाही. फक्त त्याच्या दोन शब्द आधी, पहिल्या पंधरा सेकंदांतच, माझे कान आपोआप टवकारतात. तिथं पोरांचा आवाज सपाट असतो. असणारच. आपल्याला राज्य आहे. त्यासाठी माणसं गेली, १ मे १९६० उजाडला, आणि बेळगावासाठी अजून भांडतोय. आपल्या शब्दाच्या खाली जमीन आहे. पंजाबाचं निम्मं गेलं, बंगालचं निम्मं गेलं, पण उरलेल्या निम्म्यावर तरी ती नावं उभी आहेत. सिंधचा एक बिघाही इकडं उरला नाही. त्या शब्दाच्या खाली काही नाही, म्हणून त्याला उचलून धरायला आवाज लागतो. हे मला एका भर चौकात ओरडून लाज वाटल्यावर तीसेक वर्षांनी समजलं.

*

२००५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. कुणीतरी याचिका केली होती की सिंध आता भारतात नाही, तेव्हा तो काढून त्या जागी काश्मीर घाला. न्यायालयानं ती फेटाळली. राष्ट्रगीत हे देशाची हद्द सांगणारं दप्तर नव्हे, ते भावनेचं गीत आहे, असा त्याचा मथितार्थ होता. आपल्या भाषेत सांगायचं तर, राष्ट्रगीत म्हणजे सातबारा नव्हे. फेरफार झाला म्हणून नाव कमी करा, असं तिथं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये पेपर हातोहात फिरत होता. आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणाला, "काढायला पाहिजे होता. लॉजिकल आहे." सहावीतला मागचा बाक मला तिथं पुन्हा भेटला. उल्हासनगरला गाडीत चढलेला एक म्हातारा खिडकीशी उभा होता, त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. मी काहीतरी बोललो, पण नीट बोलता आलं नाही. वर्गात चाळीस मिनिटं बोलणारा माणूस लोकलमध्ये दोन वाक्यांत अडखळतो.

त्या शनिवारी मी मुलीच्या गणवेशाचं निमित्त काढून त्या कुलूपवाल्या कापडवाल्याच्या, म्हणजे सेठजींच्या, दुकानात गेलो. तेव्हा ते पंचाहत्तरीत होते, गल्ल्यावर मुलगा बसत होता, सेठजी बाजूच्या खुर्चीवर उजवीकडून डावीकडं वाचायचा सिंधी पेपर घेऊन. मुलाला ती लिपी येत नाही. नातवाला तर सिंधी बोलायलाही येत नाही, तो माझ्याशी मराठीत बोलतो, तेही 'आयला'सकट. मी निकालाचं विचारलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि मुलाला गल्ल्यातून शंभराची नोट काढायला सांगितली. ती उलटी करून काउंटरवर पसरली आणि भाषांच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"पढ़ो, माश्टरजी."

मी वाचत गेलो. आसामी, बंगाली, गुजराती, कन्नड, काश्मिरी, कोंकणी... उर्दूपर्यंत पंधरा. सिंधी नाही. पंचवीस वर्षं मी रोज नोटा हाताळत होतो, कधी पाहिलं नव्हतं. सिंधी १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. कोंकणी आणि नेपाळी त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९९२ मध्ये. त्या दोघी नोटेवर आहेत. (मणिपुरीही नाही, हे मी नंतर तपासलं. म्हणजे आकस सिंधीशीच असेल असं नाही. पण नोट मोजत ज्याचं आयुष्य गेलं त्याला हे सांगून काय उपयोग.)

"नोट पे हम नहीं है," सेठजी म्हणाले, "गाने में है." नोट परत गल्ल्यात गेली. "युनिफॉर्म का कौन-सा रंग है?"

त्याच दिवशी ते हेमू कालाणींबद्दल बोलले. त्यांच्याच सक्करचा पोरगा. बेचाळीसच्या चळवळीत इंग्रजांच्या सैन्याची गाडी जाणार म्हणून रात्री रुळांच्या फिशप्लेटा काढताना पकडला गेला. बरोबरच्यांची नावं सांग म्हणाले, सांगितली नाहीत. २१ जानेवारी १९४३ ला फाशी. वय एकोणीस. सेठजी तेव्हा तेराचे. त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती, एवढंच त्यांना आठवत होतं. ज्या झेंड्यासाठी तो पोरगा गेला तो झेंडा त्याच्या गावावर कधीच चढला नाही. पाचच वर्षांत तिथं दुसरा चढला. हे वाक्य सेठजींचं नाही, माझं आहे. ते नुसतं म्हणाले, "फिशप्लेट कितनी भारी होती है, मालूम है? अकेला निकाल रहा था." ती किती जड असते मला माहीत नव्हतं. घरी येताना अंबरनाथच्या फलाटावरून मी पहिल्यांदा रुळांच्या जोडाकडं नीट पाहिलं. चार बोल्ट, दोन्ही बाजूंनी लोखंडाच्या पट्ट्या.

*

२०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी झेंडा लावायची मोहीम निघाली. त्याआधी, २०२१ च्या शेवटी, ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावरच्या, पॉलिस्टरच्या झेंड्याला परवानगी मिळाली होती. मोहिमेच्या तोंडावर रात्री झेंडा न उतरवण्याचीही मुभा आली. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांची काय कमी. एका गाळ्यात मी स्वतः पाहिलं, ओव्हरलॉकच्या मशिनींवर पोरं झेंड्यांच्या कडा मारत होती, पीसवर पैसे, पायाशी तिरंग्याचे ढीग. झेंड्याचा ढीग जमिनीवर ठेवू नये, हे सांगावंसं वाटलं. मग त्या पोरांच्या पायांखाली चटई आहे आणि ढीग चटईवर आहे, हे दिसलं. मी गप्प राहिलो.

सोसायटीसाठी झेंडा आणायचा होता म्हणून १२ तारखेला सेठजींकडं गेलो. ब्याण्णव वर्षांचे. नातू गल्ल्यावर, समोर क्यूआर कोडचा स्टँड, नोटांचा प्रश्नच मिटलेला. सेठजी आतल्या बाजूला पलंगावजा बाकावर बसले होते, मांडीवर झेंड्यांचा गठ्ठा. नातू मला म्हणाला, "सर, आजोबांनी धंदा बसवलाय माझा. अर्धा माल रिजेक्ट."

खरंच होतं ते. एक एक झेंडा उलगडून ते डोळ्यांजवळ नेत होते. कुणाचं चक्र एका बाजूला सरकलेलं, कुणाचं दाबल्यासारखं अंड्याच्या आकाराचं, एकाचा हिरवा पट्टा वरच्या दोघांपेक्षा रुंद. छपाई घाईची. ते अंगठ्याचं नख चक्राच्या आरीवरून फिरवत, ओठ हलवत मोजत होते, आणि बाजूला टाकत होते. टाकत म्हणजे फेकत नव्हते, घडी घालून दुसऱ्या ढिगावर ठेवत होते. मला त्यांनी ओळखलं की नाही कळलं नाही. त्यांना आता फार थोडे लोक ओळखू येतात, असं नातू म्हणाला.

मी समोर बसलो. थोड्या वेळानं एक झेंडा त्यांनी बाजूला काढला, पुन्हा उघडला, पुन्हा मोजला आणि माझ्या हातात दिला.

"चौबीस," ते म्हणाले. "गिन लो, पुट."

मी चष्मा पुसला. पहिल्या खेपेला तेवीस आल्या. नख कुठं ठेवलं होतं ते विसरलो असणार. पावसाचा अंधार होता, नातवानं दिवा लावला. मी वरच्या आरीवर बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.